पडवीवरचा वेल : मार्च ते सप्टेंबर २०२५ च्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

शेवटी आज वही काढली. पडवीवर वेल चढवायचा हे गेली चार वर्षं नुसतं बोलणं चाललंय. आमची पडवी पश्चिमेला, समोर खळं (अंगण), त्यापलीकडे गडगा (दगडी कुंपण), मग माड, आणि माडांच्या पलीकडे अर्धा-पाऊण किलोमीटरवर समुद्र. दुपारी तीननंतर ऊन सरळ आत येतं ते दाराच्या उंबऱ्यापर्यंत, जांभ्याचे खांब इतके तापतात की रात्री आठला पाठ टेकवली तरी गरम लागतात. आधी मांडव होता, तो मे २०२१ च्या तौक्ते वादळात गेला, त्यानंतर हिरवं शेडनेट बांधलं, ते आता चिंध्या होऊन फडफडतंय आणि त्या आवाजाने बंड्या रात्रभर भुंकतो.

पण वही काढण्याचं खरं कारण शुक्रवारचं. सकाळी चहा घेऊन पडवीत बसले तर सुकट (मांजरीचं नाव, आली तेव्हा तशीच होती, डोकं नि शेपटी) खांबाखाली बसून पुढच्या पंजाने तोंड खरवडत होती. आधी वाटलं माशाचा काटा अडकला. जवळ गेले तर हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती, छातीवरचे केस भिजून चिकटलेले, जीभ अर्धी बाहेर, आणि बाजूला मनीप्लांटचं एक पान, त्याला दातांची चार-पाच भोकं. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले ओल्या फडक्याने तोंड पुसून काढा, पाणी पिऊ दे, ओकारी काढायला जाऊ नका, सूज वाढली किंवा श्वासाला त्रास वाटला तर लगेच घेऊन या. दोन-तीन तासांत शांत झाली, संध्याकाळी बांगड्याचं डोकं खाल्लंन.

आमच्या आईंचं (सासूबाई) म्हणणं, "गो, मांजार गवत खाता तसा पान खाता, तां काय मरणा नाय." मेली नाही हे खरंय. पण मनीप्लांटच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि चावलं की ते जिभेत, हिरड्यात घुसतात. म्हणजे अळू खाजतं तेच. आपण अळवाला चिंच-सोलं घालतो, शिजवतो, तरी एखाद्या वेळी घसा धरतोच. मांजराने तर कच्चंच चावलं. हे असं सांगितल्यावर आईंना एकदम पटलं, कारण मागच्या श्रावणात फतफत्याने (अळवाच्या भाजीने) सगळ्यांचेच घसे धरले होते.

मनीप्लांट काढून मागच्या दाराला टाकला. पडवीसाठी असा वेल हवा जो सुकटीने चावला आणि बंड्याने उकरला तरी आपल्याला दवाखान्यात पळायला लागू नये.

४ मार्च

वेल आणायच्या आधी आपल्या दारात आत्ता काय काय आहे ते बघावं म्हणून एक चक्कर मारली. चक्कर मारून गपच झाले.

दाराच्या डाव्या हाताला लाल कण्हेर, देवाच्या फुलांसाठी लावलेली. अख्खं झाड हृदयावर परिणाम करणारं, पानं-फुलं-फांदी सगळंच. गडग्यावर गुंजेचा वेल, आत्ता शेंगा तडकून लाल-काळ्या बिया दिसतायत, लहानपणी आम्ही त्या डबीत साठवायचो. अख्खी गिळली तर कठीण सालामुळे बरेचदा तशीच बाहेर पडते म्हणे, पण चावून फुटली की भयंकर. कोपऱ्यात रातराणी. तुळशीच्या बाजूच्या कुंडीत सायकस, जो एका लग्नात कोणीतरी 'पाम' म्हणून दिलेला. तो पाम नाहीच, आणि कुत्र्याने त्याची बी किंवा खोड चावलं तर यकृत निकामी होऊ शकतं. पिवळी अळमांडा विहिरीवर, ती लावली मीच, हौसेने.

आणि आपण एका मनीप्लांटला झोडत होतो.

सायकस शेजारच्या काकींना दिला, त्यांच्याकडे प्राणी नाहीत, फक्त काका आहेत. कण्हेरीला आईंचा नकार. ती राहणार पण खालून चार फूट साफ ठेवायची, आणि छाटलेल्या फांद्या खळ्यात टाकायच्या नाहीत, हे त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. बंड्या काठी दिसली की उचलतोच.

९ मार्च, रविवार

गावात विचारलं तर प्रत्येकाकडे विषारी ओळखायची एक युक्ती आहे.

पहिली, चीक. "चीक इलो काय वीख, इतक्या सोप्या आसा," इति आई. दुसरी, शेळी. शेळी खाते तर सगळेच खाऊ शकतात. तिसरी सुतारमामांची, की कडू असेल तर जनावर आपणहून तोंड लावत नाही.

तिन्ही तपासून बघितल्या. चिकाची दोन्ही बाजूंनी फसते. होया नावाच्या टांगत्या वेलाला चीक आहे, पण तो कुत्र्या-मांजरांना सुरक्षित धरतात. गुंजेला चीक नाही, कळलावीला नाही, आणि दोन्ही जहाल. शेळीचं पोटच वेगळं, चार कप्प्यांचं, तिला पचतं ते मांजराला पचेलच असं कुठे लिहिलंय, उलट मांजराचं लिव्हर बऱ्याच गोष्टी फोडायला कुत्र्यापेक्षाही कच्चं. आणि कडूचं म्हणाल तर बंड्याने गेल्या वर्षी माझं कडुनिंबाचं तेल लावलेलं चप्पल खाल्लंय.

मग एएसपीसीए या अमेरिकन संस्थेची यादी उघडली, कुत्रा-मांजर-घोडा असं वेगवेगळं लिहिलेलं असतं, शास्त्रीय नावासकट. उपयोगी आहे, पण ती तिकडच्या झाडांची. आपल्याकडची अर्धी झाडं त्यात नाहीतच, आणि यादीत नाही म्हणजे चालतं असा अर्थ काढला की संपलं. नवऱ्याने तोच काढला. "बघ, गोकर्ण नाही यात, लाव." गोकर्णाच्या निळ्या फुलांचा चहा माणसं पितात हे बरोबर, पण बिया नि मुळं जुलाबाची, औषधात तशीच वापरतात. लावायचं तर शेंगा धरायच्या आधी खुडत बसा. माझ्याच्याने होणार नाही, मला मी माहितीये.

१६ मार्च, रविवार

नर्सरीला गेलो. आजचा दिवस सगळा 'जास्मिन' या एका शब्दापायी गेला.

मला हवी जाई. ती खरी जॅस्मिनम जातीची, मोगरा, जुई, कुंद, सायली सगळे त्याच घरातले, आणि जॅस्मिनम कुत्र्या-मांजरांना बाधत नाही हे यादीत सरळ लिहिलंय. इथवर सोपं. पण नर्सरीत 'जास्मिन' म्हणून काय काय दाखवतात! एक 'नाइट जास्मिन', ती आपली रातराणी, म्हणजे सेस्ट्रम, म्हणजे नको. एक 'स्टार जास्मिन'. आणि पोरगा म्हणाला पाहिजे तर 'यलो जास्मिन' मागवून देतो. या नावाने पिवळी खरी जाईही मिळते आणि कॅरोलिना जेसामिनही, म्हणजे जेल्सेमियम, जिची मुळापासून फुलापर्यंत प्रत्येक गोष्ट विषारी. मी विचारलं नक्की कुठली, तर म्हणाला, "ताई, पिवळी." पुढे काय बोलणार.

स्टार जास्मिनपाशी जरा थांबले. या नावाने पण दोन वेगळे वेल विकतात. एक ट्रॅकेलोस्पर्मम, जाडसर चकचकीत पानं, फूल भिंगरीसारखं पिळलेलं, पान तोडलं की पांढरा चीक. दुसरा म्हणजे कुंदाच्या जातीचा, त्याला चीक नाही. पोराची नजर चुकवून एक पान मोडलं, चीक आला नाही, म्हणजे दुसरा. योगायोगाने दोन्ही चालतात, ट्रॅकेलोस्पर्ममसुद्धा त्याच यादीत सुरक्षित आहे, चीक असून. आईंच्या युक्तीला आणखी एक फटका.

जाई ओळखायला मला पान पुरतं. एका देठावर समोरासमोर छोटी पानं, पाच, सात, कधी नऊ, आणि टोकाचं सगळ्यात मोठं. जुईला बहुतेक तीनच, त्यातली बाजूची दोन इतकी चिमुकली की कान वाटावेत. जाईची दोन रोपं घेतली, हाताच्या उंचीची, आणि टांगायला एक होया.

बोगनवेल घ्या म्हणून नर्सरीवाल्याचा फार आग्रह. खाऱ्या वाऱ्याला तिच्यासारखं काही टिकत नाही हे खरं, समुद्राकडेच्या प्रत्येक लॉजला ती आहे. ती विषारी म्हणून नाही पण काट्यांसाठी नको म्हटलं, सुकट खांबावर धावत चढते आणि एकदा डोळ्याजवळ काटा गेला की ते निस्तरणं वेगळंच. कृष्णकमळाचाही मोह झाला, ते फूल बघून कोणाला होणार नाही, पण त्याच्या पानांत नि कच्च्या फळांत सायनाइड सुटणारी द्रव्यं असतात, आणि बंड्या हिरवी फळं चेंडू समजतो.

२३ मार्च

ठरलं ते असं. दोन टोकांच्या खांबांवर जाई, कायमची. मधल्या दोन खांबांमध्ये पावसाळ्यात तवसं (मोठी काकडी) आणि मायाळू, म्हणजे खायला पण मिळेल. होया आत, सावलीत, वाशाला टांगून.

मधुमालतीवर घरात भांडण झालं. नवऱ्याला ती हवी, त्याच्या आजोळी होती, पांढरी-गुलाबी-लाल. मलाही आवडते. पण तिच्या बिया जंत पाडायचं औषध म्हणून वापरतात आणि जास्त गेल्या की उलट्या, उचक्या. तो म्हणतो आपल्याकडे तिला फळ धरतं कुठे. बरोबर आहे, बहुतेक नाही धरत. तरी पण जिथे 'बहुतेक' म्हणावं लागतं ती पडवीत नको, गेटवर लाव. गेटवर लावायचं ठरलं. भांडण संपलं असं तो म्हणतो.

३० मार्च, गुढीपाडवा

मुहूर्ताला मांडव उभा. सुतारमामा सकाळी गुढी उभारून आले ते दोनला जेवूनच गेले.

पडवी अठरा फूट, चार खांब, मध्ये सहा-सहा फुटांची तीन गाळी. मी म्हटलं खांबाला ड्रिल करून हूक ठोकू. मामा हसले. जांभा सच्छिद्र, त्यात प्लग पकडतच नाही, दोन पावसाळ्यांत भोक मोठं होऊन हूक हातात येतो. म्हणून खांबाला काथ्याच्या दोरीचे वेढे, त्यात माणग्याच्या (बांबूची एक जात) आडव्या काठ्या, आणि पुढे खळ्यात चार फुटांवर माणग्याचेच चार डांब. माणगा आमच्या बाजूला घराघरात असतो, जवळजवळ भरीव, काटा नाही, वाकला तरी मोडत नाही. हे डांब मामांनी शिमग्याच्या आधीच तोडून तीन आठवडे वहाळात (ओढ्यात) बुडवून ठेवले होते, पाण्यात बांबूतली साखर निघून जाते मग भुंगा लागत नाही. जमिनीत जाणारा दीड फूट डांबर लावून वाळवला. मामांनी जुनं इंजिन ऑईल आणलेलं, तेच लावतात सगळे, पण बंड्या चाटेल म्हणून नको म्हटलं. मामांनी बंड्याकडे असं बघितलं की जसा काही तो व्याही आहे.

वर दहा गेजची जीआय तार एक-एक फुटावर. खाऱ्या हवेत तीही गंजणार, पण चार-पाच वर्षं जातील.

मांडव उभा झाल्यावर पहिलं कोण चढलं? सुकट. डांबावरून काठीवर, काठीवरून कौलांवर, आणि तिथून आमच्याकडे बघत बसली. महिनाभर प्लॅनिंग करून आपण मांजराला जिना बांधून दिला.

६ एप्रिल, रविवार

जाई लावली. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डे, जांभ्याचा मुरूम काढून त्यात शेतातली माती नि शेणखत. नवरा कृषी दुकानातून एक पिशवी घेऊन आला, 'मिक्स पेंड, मुळं जोमदार होतात', ती पण खड्ड्यात दोन-दोन ओंजळी. बुंध्याभोवती अडीच फूट उंच कोंबडीची जाळी गोल लावली, म्हणजे सुकटीने नखं घासायला नको.

वास घमघमीत होता पेंडीचा. तेव्हाच कळायला हवं होतं.

७ एप्रिल

सकाळी साडेसहा. उत्तरेकडची जाळी आडवी, जाई मुळासकट बाहेर, खड्डा उकरलेला आणि बंड्याचं नाक कपाळापर्यंत मातीने माखलेलं. मी आधी जाईसाठीच ओरडले. मग पिशवी आठवली. पिशवीवर घटक काही लिहिले नव्हते. दुकान उघडायला वेळ, नवऱ्याने दुकानदाराला घरी फोन केला, तो झोपेतच म्हणाला, "नीम आहे, भुईमूग आहे, एरंडी आहे, हाडाचा चुरा आहे, एक नंबर माल."

एरंडी ऐकल्यावर हातपाय गार पडले. एरंडेल तेल आपण लहानपणी प्यायलोय, ते चालतं, कारण रायसिन हे विष तेलात उतरत नाही. ते मागे चोथ्यात राहतं, आणि चोथा म्हणजे पेंड. कारखान्यात नीट तापवलेली असेल तर जोर कमी होतो, पण कुठली तापवलेली आणि कुठली नाही हे कळणार कसं. वर हाडाचा चुरा, म्हणजे कुत्र्याला आमंत्रणच.

बंड्याला गाडीत घातलं, वीस मिनिटांत तालुक्याला. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन ओकारी काढली, त्यात माती आणि पेंडीचे काळे गोळे दिसले, मग कोळशाची पूड पाण्यातून पाजली, सलाइन लावलं. म्हणाले आत्ता तो शेपूट हलवतोय त्यावर जाऊ नका, याची लक्षणं कधी कधी बऱ्याच तासांनी, दुसऱ्या दिवशीसुद्धा येतात, उलटी, रक्ताची हगवण, काही दिसलं तर रात्री कितीही वाजता फोन करा.

महिनाभर पानं-फुलं-चीक करत बसले होते. खड्ड्यात काय घातलं ते विचारलंच नाही.

१० एप्रिल

बंड्या बरा. सोमवारी रात्री दोनदा पातळ झालं, रक्त नाही, मंगळवारी ताकभात, काल आईंनी चोरून अर्धी भाकरी दिली. आज पोस्टमनवर भुंकला, म्हणजे झालाच.

पेंडीची माती सगळी काढून लांब बागेत खोल पुरली आणि वर चिरे ठेवले. जाई पुन्हा लावली, यावेळी फक्त जुनं शेणखत. पानं मलूल आहेत, बघू. उरलेली पेंड परत नेऊन दिली, पैसे नको म्हटलं, फक्त पिशवीवर आत काय आहे ते लिहा एवढंच सांगितलं. हो म्हणाला.

११ मे, रविवार

उत्तरेकडची जाई जगली. दक्षिणेची पाच फुटांवर पोचली, उत्तरेची अजून दोन. पण समुद्राच्या बाजूची पानं कडेने करपतात, खारा वारा. रोज संध्याकाळी झारीने पानांवर गोडं पाणी मारते, मीठ धुवून जातं. आठवड्यात फरक दिसला. चाकरमानी आलेत, घरात अकरा माणसं, त्यातल्या सहा जणांनी "मनीप्लांट का नाही लावत, छान वाढतो" हे सुचवून झालं.

होयाला एक नवीन काडी आलीये, पान नसलेली, लांबच लांब. सुकट तिच्याशी खेळते. खेळू दे.

२५ मे, रविवार

आजच मान्सून देवगडपर्यंत आल्याचं जाहीर झालं. मे संपायचाय अजून! गेले चार-पाच दिवस असा कोसळतोय की आगोटीची तयारी राहिली, लाकडं भिजली, माडाच्या पानांचे झाप विणून व्हायचे होते ते अर्धवट. पडवीत पाणी तिरकं येतं, नेहमी जूनमध्ये झाप बांधतो ते काल रात्री टॉर्च लावून बांधले. मांडव हलला नाही. एक डांब तेवढा खाली बसलाय, मामांना सांगायचंय.

पडवीत गळतंय मात्र एका जागी. वर चढून बघितलं तर दोन कौलं सरकलेली, बरोबर सुकटीच्या वाटेवर.

१५ जून

पावसाने उघडीप दिली तशी गडग्याकडे गेले, तर कळलावी. तीन कोंब, आणि पानांची टोकं दोऱ्यासारखी वळून करवंदीच्या जाळीला धरलेली. फूल लागलं की रस्त्यावरचे टुरिस्ट थांबून फोटो काढतात, पिवळं-लाल, आगीच्या जिभांसारखं, मलाही कापवत नाही. पण याच्यात कोल्चिसिन असतं, सांधेदुखीवरच्या गोळीत अगदी मोजून घालतात तेच, आणि कंदात तर भरपूर. कंद नांगराच्या आकाराचा म्हणून संस्कृतात लांगली. उकरणारा कुत्रा आणि जमिनीतला कंद एका खळ्यात नकोत. हातमोजे घालून तिन्ही कंद अख्खे काढले, गडग्याच्या पलीकडे, रस्त्याच्या चढावर नेऊन लावले. तिथे फोटो काढा म्हणावं.

गोगलगायी सुरू झाल्या, मायाळूची रोपं रात्रीत फस्त. दुकानात निळ्या गोळ्या मिळतात त्या नाही आणणार, त्यात मेटाल्डिहाइड असेल तर कुत्र्याला फिट येतात, आणि कुत्र्याला आवडावी अशीच त्याची चव. या वेळी पिशवी उलटून-पालटून वाचली. रात्री नऊला टॉर्च, चिमटा, मिठाच्या पाण्याची बादली. पहिल्या रात्री एकसष्ट. मुलगा मोजतो.

२० जुलै, रविवार

तवश्याचे वेल मांडवावर पोचले, पिवळी फुलं आली, आणि पडवीत पहिल्यांदा हिरवा उजेड पडलाय. पाऊस असतो म्हणून ऊन कुठे, पण ढग फाटले की कळतं. मायाळूची दुसरी खेप तगली, काल भजी केली.

दक्षिणेची जाई काठीपर्यंत. दहा-बारा कळ्या. त्यातली एक सुकटीने खाल्ली, माझ्यासमोर, सावकाश, जसं काही चाखून बघतेय. मी वहीत वेळ लिहिली, सव्वापाच. रात्री अकरापर्यंत तिच्यावर नजर ठेवून होते. काही नाही. झोपली ती थेट जाईच्या बुंध्याशी, जाळीच्या आत. आत कशी शिरली देव जाणे.

तवश्यावर मावा आलाय. शेजारी एक फवारा देत होते, डबीवर परमेथ्रिन. ते मांजराला अजिबात नाही, फवारलेल्या पानावरून चालून पाय चाटले तरी झटके येऊ शकतात. साबणाच्या पाण्याने पानं धुतली, कंटाळवाणं काम पण होतं.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

पहाटे नवरा आणि दीर माटवीचं (गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या चौकटीचं) सामान आणायला रानात गेले. आले ते भारा घेऊन. आंब्याचे टाळे, कांगल्या, सुपारीचं शिपटं, लालभडक कवंडळं, आणि वर मोठ्या कौतुकाने कळलावीच्या फुलांचा झुबका. रस्त्याच्या चढावरून तोडलीत म्हणे, किती छान फुललीयेत! अर्थात छान फुलणार, मीच लावलीयेत.

आता गणपतीच्या डोक्यावर काय टांगायचं हे मी ठरवणार नाही, आईंनी तसं नुसतं बघूनच सांगितलं. पण कवंडळ कडू जहर, आणि ते पिकलं की देठातून सुटून टपकन खाली पडतं, बरोबर चेंडूएवढं. मी म्हटलं कळलावी आणि कवंडळं मधोमध बांधा, गणपतीच्या वरती, कडेला नको. मधे पडलं तर पाटावर पडेल, तिथे बंड्याला मज्जाव असतोच. आईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "बांदा मदीच. तसांय ता मदी बरां दिसता." कडेला काय लावायचं मग? तवशी. आपल्याच मांडवावरची, दोन, एक हातभर लांब आणि एक जरा वाकडी. वाकडी नको म्हणत होता दीर, पण दुसरी नव्हती.

कवंडळांच्या देठांना सुतळीची एक-एक गाठ जास्त मारली. रोज सकाळी केर काढताना खाली पडलेली कळलावीची पाकळी आधी वेचायची, हे काम मुलाला दिलं.

७ सप्टेंबर, रविवार

गणपती गेले, माटवी उतरली. कवंडळं सातच्या सात मोजून पिशवीत बांधली आणि निर्माल्याबरोबर दिली. तवश्याचं आज धोंडस (गोड केक) झालं, सरळवालं. वाकडं बियाण्याला ठेवलंय, वाशाला टांगून, होयाच्या शेजारी.

दोन्ही जाया आता काठीच्या वर गेल्यात, उत्तरेची मागे होती तिने दक्षिणेला गाठलं. आज संध्याकाळी बावीस फुलं निघाली, आईंनी गजरा केला आणि उरलेली तीन सुकटीच्या पाण्याच्या वाटीत पडली ती तशीच राहू दिली. पश्चिमेचं ऊन तिसऱ्या खांबापर्यंत येतं अजून, मधल्या गाळ्यात तवश्याचा वेल वाळायला लागला की तिथे पुन्हा उघडं पडणार. ऑक्टोबरच्या उन्हाआधी जाईच्या दोन फांद्या मधल्या तारेवर वळवून बांधायच्यात. सुंभ संपलाय, मामांकडून आणायचा.